पायाखालचा मंगळ

किन्हीराजा गावातल्या एका शेतात हळद शिजत होती आणि रंगराव मंगळावर होते.

कढईतून वाफ उसळत होती. त्या वाफेत समोरचं बाभळीचं झाड बुडालं, बांध बुडाला, न्याहारीला बसलेल्या बायाही अर्ध्यामुर्ध्याच दिसत होत्या. आपण जमिनीवर आहोत की कुठे, हे रंगरावांना नीटसं सांगता आलं नसतं. हातातले कागद ओलसर झाले होते, तरी ते बायांना आपली कथा वाचून दाखवत होते.

एके काळी ते शास्त्रज्ञ होते. ग्रहांवरच्या हवेचा अभ्यास करायचे. ती नोकरी सोडून विज्ञानकथा लिहायला गावी परतले, तेव्हा लोक म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला! कथा छापून येत. जाणकार म्हणत, रंगरावांच्या विज्ञानात चूक सापडायची नाही. पण ‘मग पुढे काय झालं?’ असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. ते त्यांना फार लागायचं.

आजची कथा संध्याकाळपर्यंत संपादकांकडे जायची होती. मंगळावर एकटीच अडकलेली एक बाई, तिला न्यायला निघालेलं यान आणि संपत आलेली हवा. शेवट वाचताना त्यांना वाटलं, ती बाई या पिवळ्या वाफेतूनच चालत येते आहे. त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवले.

“मेली?” शेजारच्या शेतातल्या कस्तुराबाईंनी विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला होता.

“हवा सरली, काकू. यान लय दूर होतं. हिसाब पक्का हाय.”

“हिसाब घाल चुलीत! काहून मारलं तिले?”

“माय, थे गोष्ट हाय,” जाळ सारत त्यांचा मुलगा भागवत हसला. “खरी बाई नाई थे.”

“मंग काय झालं? एकटीच हाय ना? उपाशी हाय ना?”

रंगरावांनी शेवटचं पान पुन्हा उचललं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आज आला होता.

शेतात जेवायला बसलं की पहिला घास शेताच्या राखणदार देवाला टाकायचा, ही तिकडची रीत. तो घास कस्तुराबाईंनी मघाशीच टाकला होता. आता त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, त्यावर ठेचा ठेवला.

“तुहा मंगळ कोन्या अंगाले हाय?”

एवढं मात्र रंगरावांना पाठ होतं. “आता वर नाई, काकू. पायाखाली हाय. जमिनीच्या पार तिकडल्या अंगाले.”

कस्तुराबाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी माती थोडी उकरली, घास तिथे ठेवला, वरून माती सारली आणि हात जोडले. मग त्यांनी रंगरावांकडे पाहिलं.

“गाडी येईपरेंत पुरन ना तिले?”

त्या बाईच्या एकेका श्वासाचा हिशेब रंगरावांनी मांडला होता. कितीदा तरी ताडून पाहिला होता. त्यांनी मातीच्या त्या एवढ्याशा उंचवट्याकडे पाहिलं.

“पुरन, काकू,” ते म्हणाले.