चांदीचा अख्खा माणूस
या, जवळ सरका, देवमातेच्या दारातली गोष्ट सांगते. चर्चच्या पायरीशी माझं दुकान; दुखऱ्या अवयवाचा आकार उठवलेला चांदीचा पत्रा घ्यायचा, नवस म्हणून तिच्या तसबिरीपाशी टांगायचा. पिरेअस बंदरातून बोटीनं अर्गिरो आली. “नवऱ्याच्या आतड्यात कॅन्सर होता, ताई. डॉक्टरांनी तेवढं आतडं कापलं, शेजारच्या लसिकाग्रंथीही काढल्या. काहींत तो पसरला होता, म्हणून सलाइनमधून औषध.” “पोटाचा देऊ?” “कापून टाकलेल्यासाठी नवस कसला?” “ग्रंथींचा पत्रा नसतो, बाई.” “त्याही गेल्याच की! सगळं काढलं, तर औषध कशाला? म्हणे कॅन्सरचा एखादा कण निसटला असेल, दिसत मात्र नाही.” मीही गोंधळले. शेवटी अख्ख्या माणसाचा पत्रा काढला: “जत्रेत हरवलेला स्वतःचा बारा वर्षांचा लेक देवमातेनं शोधून काढला, हा कणही शोधेल.” पत्रा टांगून ती थबकली: “मग तो बरा, की आजारी?” मी तिच्या हातात एक मेणबत्ती दिली. तुम्हीही मेणबत्ती लावाल तेव्हा तिच्या नवऱ्याची, स्तामातीसची आठवण ठेवा.