सरासरीत हरवलेलं टोक

"सर, हायड्रोजनच्या नळीत लेसरचा हिरवा उजेड पार तांबडा होतो ना? मग पल्सच्या आलेखात मधोमध हे हिरवं टोक वर कुठून आलं?" शाल्मली स्क्रीनवर बोट ठेवून विचारत होती.

वझे सरांनी मान वर केली नाही. "डिटेक्टरचे चाळे. लेसरच्या सगळ्या शॉट्सच्या नोंदींची सरासरी काढ."

सरासरीत टोक नाहीसं झालं. वर्षभरात तिनं संशोधनच सोडलं.

पुढे एका परिषदेत दुसऱ्या गटानं तेच टोक दाखवलं. तो सॉलिटॉन होता, आकार न मोडता टिकणारी एकटी लाट. दर शॉटला जागा बदलणारा, म्हणून सरासरीत विरणारा.

तिथे बसलेल्या सरांनी सभागृहाबाहेर येऊन तिला फोन लावला. "तुझंच खरं होतं गं. ते शॉट्स आहेत का अजून?"



"सरासरी काढली की मूळ शॉट्स पुसायचे, सर. तुमचाच नियम होता."