बेचाळीस नग
शाळेमागच्या कडुनिंबाला टांगलेली घंटा बरोबर अकराला वाजली आणि चंद्रशेखर सरांनी घड्याळाकडे पाहून मान डोलावली.

"पाहा मॅडम, दोन वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं नाही. याला म्हणतात शिस्त."

अनघा मॅडम आर्णीजवळच्या या शाळेचा चार्ज घ्यायला आजच आल्या होत्या. शनिवारी सर निवृत्त होणार होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते सहसा खुर्ची सोडत नसत, त्यामुळे शाळा त्यांनी खिडकीतूनच दाखवली. परसबागेतल्या मेथीला आता शेळ्या तोंड लावत नव्हत्या. गच्चीवरची टाकी पूर्वीसारखी भरून वाहत नव्हती. बोंडअळीच्या दोन हंगामांत मजूर परवडेनात म्हणून घरोघरची पोरं कापूस वेचणीला गेली, आसपासच्या शाळा ओस पडल्या, पण इथली पोरं घंटेच्याही आधी हजर असायची. हा सगळा आपला धाक, अशी सरांची पक्की समजूत होती.

आता कपाटावरचं खोकं तेवढं मोजायचं राहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेला रोबोट शिकवायचा संच मिळाला होता. मोटरी, सेन्सर, तारा, चाकं मिळून बेचाळीस नग. सरांनी तो उघडलाच नव्हता. हरवलेल्या हार्मोनियमपायी एका गुरुजींची पेन्शन दीड वर्ष अडकलेली त्यांनी पाहिली होती. तो धसका असा, की त्यांनी खोक्याला टेप मारली, टेपवर सही केली आणि ते कपाटावर चढवून ठेवलं.

अर्पिता तेव्हा सहावीत होती. संगणकाच्या तासाला तिचं डोकं सगळ्यांत जास्त चालायचं.

"सर, एकडाव खोलून पाहू द्या ना," ती म्हणाली होती. "कायले आणलं मंग ते?"

काही तुटलं तर माझी पेन्शन तुझा बाप देणार आहे का, असं सर खेकसले होते. पोरगी हिरमुसून गेली. ते तोंड सरांना पुढं कितीदा तरी आठवलं आणि दर वेळी वाईट वाटलं. पण दुसऱ्याच दिवसापासून ती मैत्रिणींना घेऊन सकाळीच ऑफिस झाडायला येऊ लागली. खोक्यावरची धूळही तीच पुसायची. टेपला बोट लावायचं नाही, असं सरांनी तिला बजावलं होतं.

"टेपले हात नाही लावत, सर. विद्येची शप्पथ."

आणि तिनं शब्द पाळला होता. सही जशीच्या तशी होती.

शिपाई श्रावणनं खोकं उतरवलं. सरांनी ते हातांनी तोललं, वजन चांगलं होतं. त्यांनी श्रावणला चहा आणायला सांगितलं. तो काहीतरी बोलायला थांबला आणि मग मान खाली घालून गेला.

मॅडमनी टेप कापली.

आत काठोकाठ सरकी भरलेली होती. सरांनी कोपरापर्यंत हात घातला, एक तारसुद्धा लागली नाही. खोकं बुडाकडून उघडून पुन्हा डिंकानं नीट चिकटवलेलं होतं.

"गेली पेन्शन," सर म्हणाले. छत्तीस वर्षांची नोकरी आणि शेवटी ही चोरी. त्यांनी टेपवरची आपली सही पुन्हा एकदा निरखून पाहिली.

तेवढ्यात साडेअकराची घंटा झाली. घंटा वाजवणारा श्रावण मात्र चहाचे कप घेऊन त्यांच्या समोरच उभा होता.

मॅडमनी सरकीतून वहीचं एक पान ओढून काढलं. अक्षर अर्पिताचं होतं. त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"घंटेपाशी सहा नग. टाकीवर नऊ. मेथीत शेळ्या हाकलायले अकरा. बाकी सोळा वर्गात, सकाळी लहान्यांले शिकवायले. एकूण बेचाळीस, सगळे चालू. सर, टेपले हात नाही लावला."