प्लास्टिकमागची ओल

"वहिनी, भिंत कोरडीठाक आहे," धाकटा दीर रंगाचा डबा उघडत म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं. मागच्या पुरानंतरही यानेच ओल्या भिंतीला रंग फासला होता. आतून बुरशी माजली आणि माझी पोर वर्षभर खोकत राहिली.

"ब्रश लावशील तर याद राख!" मी त्याला बाहेर पिटाळलं. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. आत वाफ धरली की भिंत ओली. मग दाखवतेच याला.

वाफ धरली. वाटीएवढी, गोल. मग विरली. पुन्हा धरली, पुन्हा विरली, आरशावर कुणी श्वास सोडावा तशी.

माझाच श्वास लागत असेल म्हणून मी बोटाने पुसून पाहिलं. वाफ आतल्या बाजूला होती. मी श्वास रोखला, तरी तिचं चालूच.

"काय चाललंय हे?" मी चिडून भिंतीवर मूठ आपटली. वाफ भराभर येऊ-जाऊ लागली.

"वहिनी, कुणावर ओरडताय एवढ्या?" दिराने बाहेरून विचारलं.

प्लास्टिक चटकन निवळलं, आणि तसंच राहिलं. माझं उत्तर ऐकायला आतून कुणीतरी श्वास रोखून धरला होता.