रुपरावांचा नंदी

“चार पाय तं हायेत, बाबाजी. शिंगंच नाहीत,” नर्सिंग ब्यूरोकडून सकाळीच आलेली कामिनी म्हणाली आणि तिने वॉकरभोवती एक चक्कर मारली.

खुब्याच्या ऑपरेशनला बावीस दिवस झाले होते. रुपराव त्या वॉकरवर टॉवेल वाळवत. ब्यूरोची दोन माणसं येऊन गेली, टॉवेल तिथेच राहिला. शेवटी मुलाने, अमोलने, मुदत दिली: आज सहाच्या आत फाटकापर्यंत चालून दाखवा, नाहीतर उद्या माझ्यासोबत पुण्याला, सातव्या मजल्यावर. तिकिटं तीन काढलेली होती, रुपरावांचंही धरून.

पाच-चाळीस झाले. बाहेर तान्हा पोळा रंगात आला होता. पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे नंदीची दक्षिणा, मागत फिरत होते.

कामिनीने देव्हाऱ्यातली दोन केळी वॉकरला पुढून बांधली. सुनेची ओढणी झूल म्हणून घातली. सून मुग्धा नुसती पाहत राहिली. ओढणी नवी होती.

“शिंगं उलटी बांधून राहिली तू,” रुपराव खाटेवरून म्हणाले.

“हौ का? मले तं सरळच दिसते.”

“काटोलच्या पोळ्यात माझी जोडी पहिली राहे. मले शिकवतं का वं? आण इकडे.”

“नंदी खाटेवर नेत असते का कोणी?” कामिनी म्हणाली आणि देव्हाऱ्यातली घंटी बांधायला घेतली.

रुपराव कडेला सरकले, वॉकरचा दांडा धरला आणि उभे राहिले. कामिनीचा हात त्यांच्या कमरेशी होता. त्यांनी दोन्ही केळी सोडून सरळ बांधली, मान तिरपी करून पाहिलं आणि नंदी हाकला.

घंटी वाजली. एक पाऊल. पुन्हा वाजली.

फाटकाशी अमोल मोबाइलवर व्हिडिओ घेत उभा होता. सहाला चार मिनिटं कमी असताना रुपराव त्याच्याजवळ पोचले आणि थांबले नाहीत. एवढा मोठा नंदी पाहून पोट्ट्यांची रांग आपोआप मागे लागली. शेजारच्या चंद्रभानने ओट्यावरून दहाची नोट काढली.

“दहा? नंदीची उंची पाह्य गा,” रुपराव म्हणाले.

चंद्रभानने वीस काढले.

परत येताना रुपरावांना घाम फुटला होता. त्यांनी अमोलपुढे हात पसरला. “बोजारा.”

अमोलने खिसे चाचपले. सुटे नव्हते. त्याने मोबाइलवरच काहीतरी केलं आणि वडिलांसमोर धरलं. एक तिकीट रद्द झालं होतं.

रुपरावांनी मोबाइल लांब धरून सगळं वाचलं, तारखेसकट. मग एक शिंग सोडून कामिनीच्या हातात दिलं.

“खाय. अन् उद्या पहिलेपासूनच सरळ बांधजो.”