अंधारातल्या डब्या

क्षिप्राने रुथेनियम धातूपासून बनवलेल्या औषधाकडून अपेक्षा साधी होती. उजेड पडला तरच त्याने कॅन्सरच्या पेशी मारायच्या, अंधारात गप्प पडून राहायचं. पण आठ महिने दिव्याखालच्या डब्यांतल्या पेशी मरत होत्या आणि चांदीच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेल्या डब्यांतल्याही. म्हणजे औषध कसलं, नुसतं विष. आज सकाळीच विभागप्रमुख विश्राम सरांनी प्रकल्प बंद केल्याचं पत्र पैसे पुरवणाऱ्या दिल्लीच्या खात्याला धाडलं, आणि कोलशेतच्या त्या प्रयोगशाळेत क्षिप्रा एकटीच आवरायला लागली.

साफसफाईच्या गंगुमावशी आत आल्या. कचऱ्यात टाकलेल्या डब्या बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, सगळंच फुकट गेलं?"

"हो मावशी. अंधारातल्या पेशी जगायला हव्या होत्या. एकही जगली नाही."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "मी तर काही कमी केलं नव्हतं हो. रोज तुम्ही यायच्या आत त्या डब्यांचा कागद सोडायचे, खिडकीत कोवळ्या उन्हात ठेवायचे आणि परत होता तस्सा गुंडाळायचे."

क्षिप्राच्या हातातली डबी खाली पडली.

"का, मावशी?"

"तुम्हीच म्हणालेलात ना, या औषधाला उजेड लागतो. माझ्या तान्ह्या नातवाची कावीळ अशाच उन्हाने उतरलेली. म्हटलं, अंधारातल्या औषधालाही जरा गुण येऊ दे."