रविवारचं हवामान

लुइझियानातलं आपलं छोटं गाव सोडून वेर्लीनला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑकलंडला येऊन छप्पन्न वर्षं झाली होती. ऑकलंडच्या हवेत ना धड उकाडा, ना धड गडगडाट. दर रविवारी चर्चमधून घरी आली, की ती धाकट्या बहिणीला, ओडेसाला, फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय म्हणतंय गं गावचं हवामान?"

एप्रिलमधल्या एका रविवारीही तिने तेच विचारलं.

"विचारूच नकोस ताई! सकाळपासून नुसती घामाने निथळतेय. मेला वारा कुठे दडी मारून बसलाय कुणास ठाऊक. आत्ता नदीकडून काळंकुट्ट भरून आलंय. घटकाभरात कोसळेल बघ."

"आणि मग बेडकं सुरू होतील."

"कान किटेपर्यंत! आई असती तर दोरीवरच्या चादरी काढायला आपल्याला पिटाळलं असतं."

दोघी हसल्या. हसता हसता ओडेसाला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

वेर्लीनने खोकला ओसरू दिला. मग हळूच म्हणाली, "डेसा, घर विकून तू तिकडे उत्तरेच्या थंडीत, मिनिआपोलिसला लेकीकडे गेलीस, त्याला दोन वर्षं झाली ना गं? भाचीने मला तेव्हाच सांगितलं होतं."

ओडेसाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर बर्फ पडत होता.

"कानाला काहीतरी बांध, थंडी बाधतेय तुला," वेर्लीन म्हणाली. "आणि आता सांग, आला का पाऊस?"